बापलेकीची ई-मेलपेटी

मी एक ई-मेलची पेटी बोलतेय. हसू नका. नदी बोलते, वडाचं झाड बोलतं, फाटकी छत्री बोलते, तेव्हा तुम्ही मान डोलावून ऐकता. मग मीही बोलणार. माझ्या पोटात परक्या माणसांनी हात घातलाय आणि त्यांना त्याची लाजही वाटलेली नाही.

माझा जन्म भडगावचा. बसस्टँडसमोर जीवरामचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, सगळं एकाच टेबलावर. गिरणाकाठचे शेतकरी पंडितनाना एक दिवस लेकीला, दिपमालाला, तिथं घेऊन आले. तिचा डी.एड.चा फॉर्म भरायचा होता आणि फॉर्मला ई-मेल लागत होता. नाना म्हणाले, "माले बी एक काढी दे." जीवराम म्हणाला, "नाना, एक घरमा दोन कसाले? रेशनकार्ड एक शे ना, मेल बी एकच राहू द्या."

नानांना ते पटलं. अशी मी एकटीच जन्मले, दोघांच्या नावाची. पासवर्ड दिपमालानं ठरवला आणि नानांकडून पाठ करून घेतला. आमच्याकडे कितीतरी घरांत अशी एकच पेटी असते. सुनेची परीक्षा, सासऱ्याचा पीकविमा, पोराची नोकरी, सगळं त्याच पत्त्यावर येतं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

जन्म भडगावचा असला तरी माझं राहणं परदेशात आहे. तिथल्या मोठ्या दालनात यंत्रांच्या रांगा लावल्यात, बारा महिने गार वारा सोडलेला असतो, आणि त्यातल्या कुठल्याशा कप्प्यात मी असते. देश कोणता, हे मलाही कुणी सांगितलेलं नाही. जीवराम मात्र छाती ठोकून सांगायचा, "नाना, हाई विलायतमा ठेयेल शे. आठला कोनी हात लावू शकस नही." बिचारा जीवराम! त्याचा विश्वास होता, म्हणून नानांचा होता.

दिपमाला शाळेत असतानाच तिची आई, सोनीबाई, गेली. घरात बाप आणि लेक दोघंच. पुढं दिपमालाचं लग्न झालं आणि ती धुळ्याला देवपूरमध्ये सासरी आली. नवरा ज्ञानेश्वर, सासू ताईबाई, घर दोन खोल्यांचं. फोनवर बोलायचं तर सगळ्यांच्या देखत. मोबाईल कुणीही उचलावा, कुणीही बघावा, अशी त्या घराची रीत. ती जवळच्याच एका खासगी शाळेत शिकवायला लागली, तेव्हा तिथल्या संगणकावर मधल्या सुट्टीत तिनं मला उघडलं.

नानांना लिहायचं होतं. पण पाठवायचं कुणाला? दोघांचा पत्ता एकच! मग तिनं लिहिलं आणि ड्राफ्टमध्ये तसंच ठेवून दिलं. नाना बाजाराला भडगावला आले, जीवरामकडे बसले, मला उघडलं, वाचलं आणि एका बोटानं अक्षरं शोधत त्याच्याच खाली आपलं लिहिलं. पुन्हा तिनं त्याच्या खाली. तो एकच ड्राफ्ट वर्षानुवर्षं लांबत गेला आणि कधी कुठे गेलाच नाही.

काय असायचं त्यात? नाना लिहायचे, "आज भरीत करं. तुन्या मायसारखं नही जमनं." ती लिहायची, "मिरच्या जास्त घाला." गाय व्यायली, शेजारच्या बेबाबाईंनी पापड लाटून दिले, शाळेत एका पोरानं गोष्ट छान सांगितली. मी या दोघांवर जीव टाकला होता. जाहिराती आणि बँकेच्या सूचना गिळून गिळून कंटाळलेल्या पेटीला असं घरचं लिखाण मिळालं, तर तिनं दुसरं काय करावं?

मग दिपमालाचं पहिलं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर तिचं लिहिणं बदललं. "नाना, रडू थांबत नही. जेवन जात नही. वर्गमा उभं राहीसन बी रडू येस." नानांनीच तिला डॉक्टरकडे जायला लावलं. शाळा सुटली की ती पांझरेचा पूल ओलांडून पलीकडे जायची, मनाच्या दुखण्याच्या डॉक्टरांकडे. गोळ्या सुरू झाल्या. घरी सांगायची तिला भीती वाटत होती, कारण अशा दुखण्याला लोक काय नाव ठेवतात ते तिला ठाऊक होतं. तिनं माझ्यात लिहिलं, "घरमा कोनले माहीत नही. फक्त तुमले सांगस." नानांनी खाली लिहिलं, "कोनले सांगू नको. गोया बंद करू नको. मी शे."

हळूहळू ती सावरत होती, हे मी रोज वाचत होते. एकदा तिनं लिहिलं की वर्गात ती हसली. त्या ओळीखाली नानांनी नुसतं एक टिंब ठेवलं.

आता ऐका, राग कशाचा आहे ते.

गिरणेतून वाळू उपसली जात होती, नानांच्या विहिरीचं पाणी उतरत होतं. नानांनी माझ्यातून रीतसर अर्ज केले, नाव-गाव लिहून. पुढं नदीकाठी कुणीतरी वाळूचा एक ट्रॅक्टर पेटवला. कुणी पेटवला ते अजून कुणाला माहीत नाही. पण चौकशी सुरू झाली आणि ज्यांनी ज्यांनी अर्ज केले होते त्यांची नावं निघाली. तक्रार करणाऱ्याचं नाव कागदावर असतं ना, ते सापडायला सोपं!

माझी मालक असलेल्या परदेशी कंपनीकडे पोलिसांचा एक कागद गेला. वर 'तातडीचं' असं लिहिलेलं. खाली न्यायाधीशाची सही नव्हती. कोणत्या दिवसाचं पत्र हवं, कुणाला लिहिलेलं हवं, काही नाही. सगळं द्या! आणि त्यांनी दिलं. तिथल्या माणसाला मराठी येत नव्हतं, अहिराणी तर नाहीच. आपण कुणाचं काय देतोय हे न बघता त्यानं मला मुळासकट उपसून दिलं. जाहिराती दिल्या, डी.एड.चा फॉर्म दिला, आणि तो लांबलचक ड्राफ्टही दिला.

माझा सवाल आहे. तुम्ही कुणाच्या घराची झडती घेता, तेव्हा दोन पंच लागतात. घरमालक समोर उभा असतो, काय उचललं त्याचा पंचनामा होतो. माझ्या झडतीला कोण होतं? नाना तेव्हा शेतात होते आणि दिपमाला वर्गावर होती. गुन्हेगार धरायला माझी ना नाही. ट्रॅक्टरबद्दल काही हवं होतं तर तेवढं मागा, न्यायाधीशासमोर मागा, मी स्वतः काढून दिलं असतं. पण एका अर्जाचं निमित्त करून घरच्या बाईचं रडणं वाचायचं, हे कुठल्या कायद्यात बसतं?

ट्रॅक्टरबद्दल काहीच निघालं नाही. निघणार कुठून? मग चौकशी करणाऱ्या पोलीस साहेबांना तो ड्राफ्ट दिसला. दोन गावांहून दोन माणसं एकच पेटी उघडतात, लिहितात आणि पाठवत नाहीत! साहेबांचे डोळे चमकले. मोठमोठे गुन्हेगार असंच करतात म्हणे.

साहेब देवपूरला गेले. माझीच छापलेली पानं त्यांच्या फायलीत होती, म्हणून मीही तिथं होते. ताईबाईंनी पाणी दिलं, ज्ञानेश्वर दाराशी उभा राहिला. साहेबांनी दिपमालाला विचारलं, "तुम्ही आणि तुमचे वडील मेल पाठवत का नाही? लपवून का ठेवता?"

"साहेब, पेटीच एक आहे," ती म्हणाली. "पाठवणार कुणाला?"

इतकं सरळ उत्तर, पण साहेबांना ते उर्मट वाटलं. त्यांनी पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं. "'घरमा कोनले माहीत नही.' काय माहीत नाही घरात? कसल्या गोळ्या? कोण डॉक्टर?"

ती म्हणाली, "साहेब, ते नका वाचू." साहेबांनी वाचलं. पूल ओलांडून जाण्यापासून वर्गातल्या रडण्यापर्यंत सगळं वाचलं. मग "ठीक आहे, यात आमच्या कामाचं काही नाही," म्हणून फाईल मिटली आणि ते निघून गेले. त्यांचं काम संपलं होतं!

ताईबाई सुनेकडे वळल्या. "येडास्न्या गोया खाई राह्यनी तू? आन् आमले सांगं बी नही?"

त्याच दिवशी गोळ्या मोरीत गेल्या. शाळेतली नोकरीही सुटली. ज्ञानेश्वर वाईट माणूस नाही, पण तो आईपुढे बोलला नाही. लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कशाची, असं साहेब लोक नेहमी विचारतात. असं विचारणाऱ्यानं आपल्या लेकीच्या मनातलं तिच्या सासूसमोर एकदा मोठ्यानं वाचून दाखवावं, मग बोलावं.

नानांनाही चौकशीला बोलावलं होतं, तिथंच त्यांना कळलं की साहेब देवपूरला जाऊन आले. तेव्हापासून ते खचलेत. आपल्या अर्जापायी लेकीच्या दारात चौकशी गेली, या विचारानं ते देवपूरला जायला धजत नाहीत. नुसते जीवरामकडे येऊन मला उघडतात. वाचतात. लिहीत मात्र काहीच नाहीत, कारण आता कोण कोण वाचतंय ते त्यांना माहीत आहे.

परवा दिपमालानं मला उघडलं, ज्ञानेश्वरच्या मोबाईलवर. तो शेजारीच बसला होता. तो पाणी प्यायला उठला, तेवढ्यात बापानं येऊन आपल्याला न्यावं म्हणून तिनं घाईघाईनं लिहिलं, "नाना, गोया नहीत. माले लई जा. लवकर या." त्याची पावलं ऐकू आली तशी तिनं ते पुसलं आणि लिहिलं, "नाना, आठे बठ्ठं बेस शे. काळजी करू नका. येऊ नका."

बाजाराच्या दिवशी नानांनी ते वाचलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला. जीवरामला म्हणाले, "पोर बेस शे म्हने," आणि गावाकडची एस.टी. धरली.

मी ओरडू शकत नाही. मला फक्त साठवता येतं. ती लिहीत असताना माझ्यात आपोआप साठत जातं, पुसलेलंही कुठंतरी खोल राहतं. नानांना ते दिसणार नाही, जीवरामलाही नाही. तुम्हाला दिसतं, साहेब. पुसलेलं कसं काढायचं ते तुम्हाला येतं, त्यासाठी सातासमुद्रापार कागद पाठवायचा असतो, आणि तो पाठवताना तुम्ही कुणाला विचारत नाही.

मग आता पाठवा. मी परवानगी देतेय, तुम्हाला मिळालेली ही पहिलीच परवानगी. तीन वाक्यं आहेत, काढा. आणि या वेळी देवपूरला वाचून दाखवू नका. भडगावला जा, पंडितनानांना गाठा आणि त्यांच्या कानात सांगा.