निळा नळ

विद्याने पातेल्यावरचं ओलं फडकं उचललं. पीठ सकाळी मळून ठेवलं होतं तसंच तळाशी बसून होतं. एव्हाना ते काठापर्यंत यायला हवं होतं, आत जाळी धरायला हवी होती. तिने बोट खुपसून पाहिलं. खड्डा पडला आणि तो भरून आला नाही.

"यीस्ट जुनं असणार," मागून कृष्णकांत म्हणाला. अंगात एप्रन, खांद्यावर नॅपकिन, दर शुक्रवारी असायचा तसाच थाट. "दुकानदार काहीही गळ्यात मारतात हल्ली."

पाकीट तिने परवाच आणलं होतं, तारीख बघून. तिने पातेलं नाकाशी नेलं. आंबूस वास नव्हताच. मोदकाची उकड काढली की येतो तसला, शिजलेल्या पिठाचा वास होता.

"पाणी कुठलं घेतलंत?"

"कुठलं म्हणजे? नळाचं. गार."

"कुठल्या नळाचं?"

मठ्ठ पोरीकडे मास्तर बघतात तसं त्याने तिच्याकडे पाहिलं. "गार पाणी गार नळातनं येतं, विद्या. निळ्या."

तिने फडकं पुन्हा पातेल्यावर टाकलं. मयताच्या तोंडावर टाकावं तसं, असं तिच्या मनात आलं आणि स्वतःचाच राग आला.

आखातातल्या रुवीत उन्हाळा लागला की नळांचं राज्य उलटं होतं. टाक्या गच्चीवर, त्यावर दिवसभर ऊन. निळ्या खुणेच्या नळातून येणाऱ्या पाण्यात अंडं उकडेल. म्हणून मे महिन्यात गीझर बंद करायचा. बंद गीझरमधलं पाणी एसीच्या घरात निवत राहतं, आणि गार पाणी हवं असेल तर लाल नळ सोडायचा. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येकाचा हात एकदा भाजतो, मग जन्मभर लक्षात राहतं. हे विद्याला कृष्णकांतनेच शिकवलं होतं. तिलाच काय, अर्ध्या रुवीला. बिल्डिंगमध्ये नवं बिऱ्हाड आलं की हा पठ्ठ्या आधी त्यांना त्यांच्याच घरातले नळ समजावून द्यायचा, मग स्वतःचं नाव सांगायचा. आणि आज जूनच्या ऐन भट्टीत त्याने निळा नळ सोडून यीस्ट जिवंत उकडलं होतं.

बरं, दिवसही असा की दुसरा कुठला चालला असता. नमाज आटपून जाफर आणि रशीदा जेवायला यायचे होते.

जाफर मूळचा रत्नागिरीकडचा. कृष्णकांतच्या हाताखाली फिटर म्हणून लागला तेव्हा त्याला ड्रॉइंग उलटं धरलंय की सुलटं हेही कळत नव्हतं. कृष्णकांतने त्याला शिकवलं. आता कारखान्यांच्या वस्तीत, गाल्याला, जाफरची स्वतःची वर्कशॉप होती, पण तो अजून कृष्णकांतला 'साहेब'च म्हणायचा. दोन महिन्यांपूर्वी कंपनीने कृष्णकांतला शाल आणि घड्याळ देऊन घरी बसवलं, तेव्हा फोन आला तो जाफरचाच. "साहेब, माझ्याकडे या. व्हिसा मी लावतो. मला तुमच्यासारखी नजर पाहिजे." आज बोलणं पक्कं व्हायचं होतं.

कंपनीने का बसवलं, हे जाफरला ठाऊक नव्हतं. विद्याला ठाऊक होतं आणि डॉक्टरला. 'सुरुवात आहे' म्हणाला होता डॉक्टर. शेवटाबद्दल तिने विचारलं नाही.

कृष्णकांतने कामाला जावं असा तिचा हट्ट नव्हताच. तिला हवं होतं ते हे घर, कारण नोकरी असली तरच इथे राहता येतं. पंचवीस वर्षं याच तिसऱ्या मजल्यावर काढलेली. इथे त्याच्या पायांना बाथरूम ठाऊक होतं, हाताला दिव्याची बटणं ठाऊक होती. निगडीला फ्लॅट होता, आखातातल्या सगळ्यांचा कुठे ना कुठे असतो तसा, घेतलेला आणि न राहिलेला. दिवाळीत तिथे गेले होते तेव्हा कपड्यांचं कपाट उघडून तो आत पाय टाकायच्या बेतात उभा होता, हातात टॉवेल. "आपलं बाथरूम कुठे गेलं?" असं त्याने विचारलं, आणि ते विचारताना तो जे हसला, ते हसू विद्याला अजून झोपू देत नव्हतं.

"आई, प्रॅक्टिकल हो. इकडे या," सावनी पुण्याहून फोनवर म्हणायची. लेकीचं चुकत नव्हतं. फक्त तिने ते हसू पाहिलं नव्हतं.

म्हणून विद्याने कुल्च्यांवर डाव लावला होता. माणूस नावं विसरेल, वार विसरेल, पण हात विसरत नाहीत, असा तिचा भाबडा हिशोब. तरुणपणी ट्रेनिंगला दिल्लीत असताना ऑफिसबाहेरच्या गाडीवर कृष्णकांतने छोले-कुल्चे खाल्ले आणि जे डोक्यात घेतलं ते घेतलंच. तंदूर नाही, गाडी नाही. पण रुवीच्या स्वयंपाकघरात लोखंडी तवा आणि गॅस यांवर त्याने तो कुल्चा वठवला. आणि शुक्रवारी त्याच्या घरी बसून जेवायला बंदी होती. गाडीवरचं खाणं उभ्यानेच! कागदी प्लेट, कांदा, मिरची, आणि ओट्यामागे हा स्वतः भैया होऊन ओरडणार. या सोंगाचाही तिला आधार वाटत होता. सोंगात माणूस काहीही बोलला तरी लोक हसतात.

"तुम्ही जरा पडा," ती म्हणाली. "मी बघते पिठाचं."

"त्याला ऊब दे. फुगेल."

"देते."

तो आत गेला तशी तिने मैद्यात दही, सोडा, बेकिंग पावडर घालून भराभर दुसरं पीठ मळलं. पाणी लाल नळाचं. सोड्याचा कुल्चा म्हणजे त्याच्या लेखी पाप. पण तेवढ्या वेळात दुसरं काय फुगणार? मेलेलं पीठ कचऱ्यात टाकायला तिचा हात धजेना. अन्न ते, संध्याकाळी पुऱ्या तरी होतील. बाहेर कृष्णकांतची चाहूल लागली आणि तिने पातेलं ओट्याखालच्या वॉशिंग मशीनमध्ये सारून दार लावलं. शहाणी होती ना!

"काय गो विद्याताई, वास खाली लिफ्टपर्यंत येतोय!" रशीदा आली ती हातात खजुराचा डबा घेऊनच. मागे जाफर, पांढराशुभ्र सदरा, अत्तराचा घमघमाट.

"साहेब, सकाळपासून उपाशी आहे. आज लाज काढू नका."

"लाज? आओ साब, आओ!" ओट्यामागून कृष्णकांत गरजला. "एक प्लेट या दो?"

आणि हात खरंच विसरले नव्हते. त्याने गोळा लाटला, वर कलौंजी आणि कोथिंबीर दाबली, उलटून पाठीला पाणी फासलं आणि ओली बाजू तापल्या तव्यावर थापली. वरून बुडबुडे फुटू लागले तसा त्याने अख्खा तवा उचलून ज्योतीवर पालथा धरला. दरवेळी रशीदा इथे "या अल्ला, पडेल!" म्हणून किंचाळायची, तशी आजही किंचाळली. कुल्चा पडला नाही. डाग धरून, फुगून सुलटा झाला. वर लोणी, शेजारी छोले.

जाफरने पहिला घास घेतला, डोळे मिटले. "साहेब, हे हात माझ्या वर्कशॉपला पाहिजेत. शनिवारी फोरमनला सांगूनच टाकतो."

विद्याने भिंतीला पाठ टेकली. सकाळपासून प्रथमच तिला भूक लागली.

"सोड्याचा वास येतोय का गो?" रशीदाने हळूच विचारलं.

"थोडासा घातला. गप खा."

कृष्णकांतच्या नॅपकिनला लोणी लागलं होतं. नीटनेटका माणूस. मळका नॅपकिन धुवायला टाकावा म्हणून तो वाकला आणि त्याने मशीनचं दार उघडलं.

विद्याने पाहिलं, पण मधे जाफर उभा होता, प्लेट धरून.

"हे काय?" कृष्णकांतने पातेलं बाहेर काढून ओट्यावर आपटलं. फडकं उचललं. वास घेतला. मग बोटाने दाबलं. त्याचा चेहरा कसा लख्ख झाला, पूर्वी साइटवर चूक पकडली की व्हायचा तसा. "हे यीस्ट गरम पाण्याने मारलंय. कुणी केलं हे?"

त्याची नजर फिरत फिरत विद्यावर येऊन थांबली.

"विद्या, निळा नळ सोडलास ना? जूनमध्ये? किती वेळा सांगितलंय तुला!"

"माझंच चुकलं," विद्या म्हणाली. "घाईत होते."

"घाईत! अगं, पंचवीस वर्षं झाली इथे. टाकी वर, ऊन वर, निळ्यात उकळतं पाणी. लाल सोडायचा, लाल!"

जाफर हसला. "वहिनी, आज तुमची काही खैर नाही." पण रशीदा हसली नाही. ती विद्याकडे पाहत होती. उन्हाळ्यात विद्याने निळा नळ सोडला हे तिला पटेना.

कृष्णकांत वळला तो जाफरकडे. "आप नये आये हो?"

"हां भैया, बिलकुल नया," जाफरने सोंगाला सोंग लावलं. "कल की फ्लाइट से."

"मग ऐका. लक्षात ठेवा हं." आवाज एकाएकी भैयाचा राहिला नव्हता. मऊ, वडीलधारा झाला होता. "इथे नळ उलटे असतात. गार पाहिजे तर लाल सोडायचा. हात भाजेल नाहीतर. कुठल्या कंपनीत लागलात?"

"तुमच्याच की, साहेब," जाफर अजून हसत होता. "पहिल्या दिवशी कँपवर तुम्ही मला हेच सांगितलं होतं, अगदी असंच."

"कुठल्या कँपवर?"

"गाल्याच्या."

"नाही, नाही." कृष्णकांत संकोचून हसला. तेच हसू, टॉवेल हातात धरलेलं. "आपण भेटलेलो नाही. नाव काय म्हणालात तुमचं?"

जाफरच्या प्लेटमधली मिरची खाली पडली. त्याने ती उचलली नाही. हसू तोंडावरच राहिलं होतं, पण आत कुणी नव्हतं. मग त्याने प्लेट ओट्यावर ठेवली, हात पुसला आणि पुढे केला.

"जाफर, साहेब. फिटर."

"अरे वा. मन लावून काम करा. ड्रॉइंग वाचायला मी शिकवीन."

"जी साहेब."

रशीदाने विद्याचा हात कोपरापाशी घट्ट धरला होता. उरलेले कुल्चे चौघांनी उभ्याने संपवले. चांगले झाले होते.

लिफ्टपाशी रशीदा तोंडावर ओढणी धरून उभी राहिली. जाफर बटण दाबायचं विसरला.

"कधीपासून, वहिनी?"

"रोज नसतं असं. सकाळी चांगले असतात. जाफरभाई, नुसतं टेबलावर बसवा. नावापुरतं. मी रोज सोबत येईन, कोपऱ्यात बसेन. पगारसुद्धा नको आम्हाला. फक्त व्हिसा."

"तिथे लेथ आहेत, प्रेस आहे. मी कुठे कुठे बघू? त्यांचा हात गेला तर?" त्याचा आवाज फाटला. "ज्या हातांनी मला शिकवलं..."

"नजर ठेवेन म्हणतेय ना मी."

"आज नजर नव्हती तुमची?"

त्याला तिला लागेल असं बोलायचं नव्हतं, हे तिला कळलं. लागलं ते लागलंच. रशीदाने बटण दाबलं, लिफ्ट वर आली, उघडली. "तुम्ही निघेपर्यंत प्रत्येक शुक्रवारी येतो आम्ही," जाफर म्हणाला. 'निघेपर्यंत' हा शब्द सगळ्यांत आधी त्याच्याच तोंडून निघाला, आणि तो खाली मान घालून लिफ्टमध्ये शिरला.

विद्या दार लावून आत आली तेव्हा स्वयंपाकघरात पाण्याचा आवाज येत होता. कृष्णकांत सिंकपाशी तवा धूत उभा होता. निळा नळ पूर्ण सोडलेला. वाफ येत होती. हात मनगटापर्यंत लालबुंद, आणि तो त्या हाताकडे कुणा परक्याचा असावा तसा बघत होता. काढून घ्यावा हे त्याला सुचत नव्हतं.

तिने निळा बंद केला. लाल सोडून त्याचा हात धारेखाली धरला.

"बघ," तो म्हणाला, डोळ्यांत पाणी, आवाज शिक्षकाचा. "सांगत असतो मी सगळ्यांना. लाल सोडायचा. लक्षात ठेव."

"ठेवते."

निगडीला नळ सुलटे होते. लाल नळाला गीझरचं कढत पाणी. इथे त्याचा हात चुकत होता, तिथे तोंड चुकणार होतं. एवढा एकच धडा त्याच्यापाशी शाबूत राहिला होता, आणि तो रुवीबाहेर खोटा होता. तिथेही कुणी नवं माणूस दिसलं की हा मायेने सांगणार, लाल सोडा हं. आणि एक दिवस, पाठ आहे म्हणून, स्वतःच सोडणार.

"विसरशील तू," तो म्हणाला.

"नाही विसरणार."

"जाफरला बोलाव ना एकदा. फार दिवसांत आला नाही. कुल्चे करू."

"बोलावते."

ती त्याचा हात धरून उभी राहिली. बंद गीझरमधलं गार पाणी वाहत होतं. ते असून असून किती असणार? संपत आलं की मागून गच्चीवरचं येतं. तिच्या बोटांना आधी कळलं, धार कोमट व्हायला लागली होती.