मागून जड, पुढून हलका

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे, चाकांवरचं घर. माझ्यात चूल आहे, पलंग आहे, पाण्याची टाकी आहे. नाही ते फक्त इंजिन. त्यामुळे सारं आयुष्य दुसऱ्याच्या भरवशावर आणि जीव कायम टांगणीला.

अ‍ॅरिझोनातल्या व्हर्नन आणि आर्डिथ या म्हाताऱ्या जोडप्याने मला पसंत केलं, तेव्हा विक्रेता म्हणाला, "तुमचा ट्रक याला हसत ओढेल." त्याने सांगितलेलं माझं वजन रिकाम्या पोटाचं, सामान-पाणी न भरता केलेलं होतं. ट्रकवर किती भार चालतो, ते त्याच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. व्हर्ननने ती कधी वाचली नाही.

दोघांना दगड जमवायचं वेड. हिवाळाभर वाळवंटात हिंडून ती अकीक आणि गारगोट्या आणत. "एवढासाच तर आहे," म्हणत प्रत्येक दगड आत येई. माझ्या भाराने ट्रकचं बूड बसायला लागलं, तेव्हा व्हर्ननने सगळे दगड माझ्या मागच्या पलंगाखाली सरकवले. माझं पुढचं टोक उचललं गेलं आणि ट्रक पुन्हा ताठ दिसू लागला. मुक्कामावरच्या शेजारच्या तंबूवाल्यांनी त्याचं कौतुक केलं.  मागून जड झालेला ट्रेलर उतारावर झोकांड्या खातो, हे मला मात्र ठाऊक होतं. सांगायला तोंड नव्हतं.

यार्नेलचा घाट उतरताना शेजारून मोठा मालट्रक गेला आणि वाऱ्याचा फटका बसला. मी डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, पुन्हा डावीकडे. ट्रकही फरफटला. दरीकडचा कठडा अगदी जवळ आला. व्हर्ननने ट्रकमधल्या कळीने फक्त माझे ब्रेक आवळले, मागून ओढ बसून मी सरळ झालो, म्हणून आम्ही वाचलो.

पायथ्याच्या थांब्यावर आर्डिथ उतरली ती चढेचना.

"आधी हा तोलायचा."

"अगं, काही झालं का आपल्याला?"

"कठडा किती जवळ आला होता, पाहिलंस ना व्हर्न?"

दगड उतरवले. मालट्रकांच्या वजनकाट्याजवळ व्हर्नन हळूच म्हणाला, "तोलण्यापुरती तरी बस. आपलंही वजन धरावं लागतं." ती बसली. दगडांशिवायही ट्रकवर दारावरच्या पट्टीतल्या आकड्यापेक्षा दोनशे पौंड जास्तच भरले. व्हर्नन माझ्या दारावर हात ठेवून उभा राहिला.

"चांगला आहे गं हा."

"चांगलाच आहे. आपल्या ट्रकला झेपत नाही."

त्यांनी मला ट्रकपासून सोडवून तिथेच ठेवलं. रिकामा ट्रक वळणावरूनही न डगमगता गेला. मला रडू आलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी निर्धास्त झालो.

मित्रांनो, मला न्यायला याल तेव्हा भरल्या पोटी तोला. झेपत नसेन तर राहू द्या. एकटं उभं राहणं मला जमतं. तुम्हाला दरीत नेणं सोसणार नाही.