पंधरा फूट तार

शकू गेल्यावर अकरा महिन्यांनी जावयांनी दुसरं लग्न केलं. करायलाच हवं होतं, वय काय होतं त्यांचं! पुढच्याच महिन्यात साताऱ्याहून पत्र आलं की शकूच्या आवाजाचं मशीन येऊन घेऊन जा. नव्या सुनेच्या घरात पहिलीचा आवाज बरा नव्हे, असं विहीणबाईंचं म्हणणं. फोटो मात्र भिंतीवर राहिला, हारासकट. फोटो बोलत नाही, म्हणून त्याला जागा होती.

ही पासष्ट सालची गोष्ट. टेपरेकॉर्डर आमच्या माधवनगरात कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. शकूचा दीर एडनला नोकरीला होता, त्यानं तो आणलेला. ह्यांना गिरणीतून रजा मिळेना, म्हणून मी एकटीच गेले आणि एस्टीत ते धूड मांडीवर घेऊन परत आले. इस्लामपूरच्या स्टँडवर शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय वं ह्यात? शिवायचं मशीन?"

"लेक आहे माझी," मी म्हटलं.

बिचारी दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

रिळावर चार मिनिटांचं बोलणं होतं. सातव्या महिन्यात, बाळंतपणाला आमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी दिरानं तिच्यापुढं मशीन ठेवलं आणि म्हणाला, बोला वहिनी, काहीही बोला. आली ती आमच्याकडे, पण घरी गेली नाही. मूलही राहिलं नाही. राहिली ती चार मिनिटं.

"आण्णा, ऐकू येतंय का?" अशी सुरुवात, 'आण्णा' म्हणून क्षणभर श्वास घेऊन. मग ती जरा थांबते, उत्तराची वाट बघितल्यासारखी. मग खुदकन हसते. मग साताऱ्याची थंडी, सासऱ्यांच्या घोरण्याची नक्कल, "आण्णा, पेरू पाठवा, पण कच्चे पाठवा, इथं सगळे पिकवून ठेवतात." सगळं आण्णा, आण्णा. अगदी शेवटी, कुणीतरी आठवण केल्यासारखं, "आणि आई, तुला काय सांगायचं, तुला सगळं कळतंच." संपलं. चार मिनिटांत माझ्या वाट्याला एक वाक्य. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? गेलेल्या लेकीच्या बोलण्यातही वाटणी मागणारी आई मी.

पण बापलेकीचं तसंच होतं. हे गिरणीत मागखात्यात. तिथं दोनशे माग एकदम खडखडायला लागले की शेजारी माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता बोलतात, नुसते ओठ हलवून, आणि समोरच्याचे ओठ बघून समजून घेतात. शकू लहानपणीच ते शिकली. जेवताना दोघं समोरासमोर बसून माझ्या आमटीबद्दल काय काय बोलायची, हूं की चूं नाही. मग दोघं एकदम हसायची आणि मी पळी आपटायची. पुढं मीही शिकले, निदान आमटीची निंदा तरी कळावी म्हणून.

घरात विजेचा प्लग एकच, स्वयंपाकघरात. ह्यांची खुर्ची बाहेर सोप्यात. तेव्हा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कोंडीबानं एक लाकडी पेटी करून तिच्यात स्पीकर बसवला, ती खुर्चीच्या डोक्यावर टांगली आणि मशीनपासून पेटीपर्यंत चौकटीवरून तार ठोकत आणली. पंधरा फूट, सुती वेष्टणाची, पिळाची. दुपारची पाळी सुटली की हे हातपाय धुऊन बसायचे. मी आत कळ दाबायची. "आण्णा, ऐकू येतंय का?" ती थांबायची तेवढ्यात हे म्हणायचे, "येतंय, बाळा." मग ती हसायची. रोज. इतकं बिनचूक की मला आत वाटायचं, खरंच बोलताहेत दोघं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ह्यांचं उत्तर उशिरा पडायला लागलं. ती हसून मोकळी व्हायची आणि मग बाहेरून यायचं, "येतंय, बाळा."

एक दिवस म्हणाले, "शकूचा आवाज दबलाय. कांबळ्याआडून बोलल्यासारखा येतो. तार खराब झाली असणार."

मला तर तसाच यायचा, लख्ख. पण मी मशीनजवळ, ते लांब. वाटलं, असेलही.

आमच्या शेजारी नाथाजी, पलटणीतून पेन्शनवर आलेला. त्याच्याकडे मिलिटरीच्या टेलिफोनची काळी तार होती, तिच्यावर तो कपडे वाळत घालायचा. "आवं आण्णा, ही तार लावा. ह्या तारंतनं डोंगराच्या ह्या अंगाचं त्या अंगाला कुजबुजल्यालं ऐकू येतं." कपडे उतरले, तार आमच्या चौकटीवर चढली.

कोंडीबा बघून हसला. "त्यात निम्मं पोलाद हाय. ही धुनी वाळवायलाच बरी."

"मग जाड तांब्याची लावू," हे म्हणाले.

"लावा की. पर आण्णा, पंधरा फुटाला बारीक काय आन् जाड काय? पाटात पानीच वंजळभर, तर पाट रुंद करून काय व्हनार हाय? आवाज तारंत न्हाई ऱ्हात."

"मला फरक ऐकू येतो."

"मग पारख करा," कोंडीबा म्हणाला. "तुमी भाईर बसा. मधी पडदा. वैनी आत तारा बदलत्याल, न सांगता. तुमी वळखायचं, बारीक का जाड."

जाड तार आली. पण त्याच आठवड्यात गिरणीत आणखी एक झालं. खात्याच्या मास्तरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तुमच्या कानांना त्रास होत असेल तर घडीखात्यात बदली देतो, तिथं माग नाहीत. हे घरी आले ते तापूनच. "चोवीस वर्षं माग चालवले, आता चादरींच्या घड्या घालू? माझे कान शाबूत आहेत. रविवारी पारख करू. तारेतला फरक ओळखला तर मी मागावरच. नाही ओळखला तर सोमवारी घडीखातं. तू सांगशील ते खरं."

तू सांगशील ते खरं. आमच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

रविवारी दुपारी पडदा ओढला. जाताना म्हणाले, "कळ दाबलीस की पडदा जरा हलव. म्हणजे मला कळेल." तेव्हाच मला कळायला हवं होतं. सुरू झालेला आवाज कळायला पडदा कशाला हलवावा लागतो?

पहिल्यांदा बारीक तार जोडली. "जाड," ते म्हणाले. दुसऱ्यांदा जाड जोडली. "बारीक." म्हटलं, जरा लक्ष देऊन ऐकायला सांगावं. मशीन बंद केलं, दोन्ही तारा एका हातात घेतल्या आणि पडद्याआडून म्हटलं, "अहो, जरा नीट ऐका."

उत्तर नाही.

"अहो!"

नाही. मग मी, का कोण जाणे, मोठ्यानं म्हटलं, "दूध उतू गेलं!" दूध उतू गेलं म्हटल्यावर हा माणूस झोपेतून उठून धावत यायचा. बाहेर खुर्चीसुद्धा करकरली नाही.

ह्यांच्याशी मी सकाळ-संध्याकाळ बोलत होते, भांडत होते, त्यांना सगळं कळत होतं. कारण मी समोर असायची. ते माझे ओठ वाचत होते, किती महिने, देव जाणे. शकूला रिळावर ओठ नव्हते, म्हणून तेवढा तिचाच आवाज दबला होता.

तोल सावरायला मी पडदा धरला. पडदा हलला.

"येतंय, बाळा," बाहेरून आलं. अगदी वेळेवर. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा वेळेवर.

मशीन बंद होतं. तारा माझ्या मुठीत होत्या. बाहेर हे हसले, घोरण्याच्या नकलेला हसायचे तिथं. पेरूंच्या जागी "पाठवतो" म्हणाले. पुरी चार मिनिटं मी तिथं उभी राहून त्यांचं ऐकणं ऐकलं. मग खुर्ची सरकली. त्यांनी पडदा बाजूला केला. आत मी पाठमोरी होऊन तारांशी काहीतरी करत होते. वळले.

"ही जाड!" त्यांचा चेहरा शकूच्या बारशाला होता तसा. "काय लख्ख आली! आता आहे की नाही फरक?"

"आहे," मी म्हटलं. "बरोबर ओळखलंत. तिन्ही बरोबर."

सोमवारी ते मागावर गेले. कोंडीबानं वाटेत विचारलं, "काय निगालं वैनी?"

"फरक पडतो," मी म्हटलं.

"मंग मीच गाढव," तो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला. नाही रे बाबा, तू कसला गाढव.

आणखी दोन वर्षं दोनशे माग त्यांच्या कानात चालत राहिले. एका पावसाळ्यात मागून येणाऱ्या सायकलची घंटी त्यांना ऐकू आली नाही, कोपर फुटलं, म्हणून मी मिरजेच्या डॉक्टरकडं नेलं. कोपर बांधून झालं, मग कान तपासले. डॉक्टर मान खाली घालून लिहिता लिहिता म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी मागावरून काढायला हवं होतं. जे होतं तेवढं तरी टिकलं असतं."

मान खाली होती, म्हणून ह्यांना वाचता आलं नाही. बाहेर आल्यावर विचारलं, "काय म्हणाले?"

"घरी सांगते."

घरी सोप्यात ते खुर्चीत बसले. मी समोर पाटावर बसले. आवाज काढायची लाज वाटली, म्हणून नुसते ओठ हलवले, त्यांच्या गिरणीत बोलतात तसे. डॉक्टरांचं सांगितलं. मग म्हटलं, त्या रविवारी तुम्ही एकही ओळखली नव्हती. तिसऱ्या वेळी मशीन बंद होतं.

"परत म्हण."

परत म्हटलं.

ते चौकटीवरच्या तारेकडं बघत राहिले. जाड, तांब्याची, कोंडीबानं खिळे मारून नीट बसवलेली. म्हणाले, "मग मी काय ऐकलं?"

 

मी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि मशीनसमोर माझ्यापुढं बसवलं. कळ दाबली. शकू बोलायला लागली आणि तिच्याबरोबर मी ओठ हलवायला लागले. आण्णा, ऐकू येतंय का?

त्यांनी हात वर केला. "थांब. तू भरभर बोलतेस. ती 'आण्णा' म्हणून जरा थांबायची."

मी रीळ मागं घेतलं. पुन्हा. आण्णा. थांबले. ऐकू येतंय का?

"येतंय, बाळा."

थंडी झाली. घोरणं झालं, मी ओठ वाकडे करून तेही केलं, ते हसले नाहीत. पेरू झाले. मग माझं वाक्य आलं. शकू मशीनमधून म्हणत होती, आणि आई, आणि माझे ओठ काही केल्या उघडेनात.

ते माझ्या मिटलेल्या तोंडाकडं बघत राहिले. मग गिरणीतल्या माणसाच्या त्या मोठ्या, बेसूर आवाजात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं, त्यांनीच ते पुरं केलं.

"आणि आई, तुला काय सांगायचं, तुला सगळं कळतंच."