माझ्याखाली पोतं घालू नका

मित्रांनो, माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर कान झाकू नका. मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं आणि जलालुद्दीन यांनी आलापल्लीच्या आपल्या मसाल्याच्या दुकानात मला मांडलं.

काय ती शान होती! हळकुंडं, धने, मिरी, सगळं माझ्याच पोटात बारीक व्हायचं. बाजाराच्या दिवशी माझा ठणठणाट ऐकून गिऱ्हाईक वळायचं. जलालभाऊ तर पाठ करून बसलेले असले, तरी आवाजावरून ओळखायचे. "हळद ओली आहे, उन्हात टाका," म्हणायचे. मग मिक्सर आला आणि मला दार अडवायला ठेवलं. मला! दार अडवायला! जाऊ द्या, अजून राग येतो.

पुढे जलालभाऊंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. रक्त मशीनमधून गाळून घ्यायला त्यांना सारखं दवाखान्यात जावं लागे, म्हणून सगळं घर चंद्रपूरला आलं. जेवणातलं मीठ कमी झालं. निदान ताज्या मिऱ्याजिऱ्याचा वास तरी यावा, म्हणून त्यांच्या बायकोनं, सुलतानाबाईंनी, मला पुन्हा ओट्यावर घेतलं.

मी खूश झालो, पण माझी चिंताही तिथूनच सुरू झाली. त्यांची मुलगी शिरीन रोज बजावायची, "अम्मी, नारळपाणी नाई, केळं नाई. पोटॅशियम अब्बाच्या अंगातून बाहेर पडत नाई. ते वाढलं तर दिल बंद पडते." तेव्हापासून माझ्यात काहीही पडलं, की मला धडकी भरायची. हे चालतं का? कुणाला विचारलं का? पण मला विचारता कुठं येतं!

एक दिवस मंगरू आले. आलापल्लीजवळच्या जंगलातल्या गावचे, दुकानाला चारोळी आणून देणारे जुने दोस्त. जलालभाऊंचे सुजलेले पाय बघून त्यांचे डोळे भरून आले. जाताना त्यांनी सुलतानाबाईंच्या हातात एक पुडकं ठेवलं.

"भाभी, आघाड्याची राख आन् मुळ्या आहेत. आमच्या गावात मुतखड्याले देतात. सूज उतरते. जंगलाचं आहे, नुकसान नाई करत."

सुलतानाबाईंना ठाऊक होतं, विचारायला गेलं तर दवाखान्यातली सिस्टर नको म्हणेल, आणि सिस्टरला विचारल्याशिवाय जलालभाऊ काही तोंडात घालणार नाहीत. म्हणून त्यांनी एक गोणपाट घडी करून माझ्याखाली घातलं आणि हळूहळू कुटायला लागल्या. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझं तोंड कोणी दाबलं नव्हतं. मला काही बरं वाटेना. मग ती पूड त्यांनी भाकरीच्या पिठात मिसळायला सुरुवात केली.

पायांची सूज काही उतरली नाही. उलट जलालभाऊंचे पाय जड झाले, उठताना भिंत धरावी लागे. "छातीत फडफड होते," असं ते म्हणाले, तेव्हा सुलतानाबाई घाबरल्या आणि त्यांनी पूड आणखी वाढवली. मी तळापासून हादरलो. अहो बाई, थांबा! पण गोणपाटावर माझा आवाज नुसता धप्‌ धप्‌ येत होता.

तेवढ्यात आतून हाक आली.

"सुलताना, खलबत्ता असा दबून काऊन वाजून राह्यला?"

"काही नाई, जिरं कुटते."

"जिरं? मले जिऱ्याचा आवाज नाई ओळखू येत? काय कुटून राह्यली तू?"

सुलतानाबाईंच्या हातातून बत्ता सुटला. त्या रडत म्हणाल्या, "तुमची सूज उतरावी म्हणून दिलं हो! दुसरं काय करू मी?"

शिरीननं लगेच दवाखान्यात फोन लावला. तिकडून सांगितलं, ताबडतोब आणा, आणि जे दिलं तेही आणा. पुडकं तर संपलं होतं. जे उरलं होतं ते माझ्या तळाशी. मग काय, शिरीननं मलाच मांडीवर घेतलं आणि आम्ही ऑटोत बसलो.

डॉक्टरांनी माझ्यात वाकून पाहिलं. "राख? राखेत पोटॅशियमच पोटॅशियम!" त्यांनी जलालभाऊंना लगेच मशीनवर घेतलं. बाहेरच्या बाकावर मी सुलतानाबाईंच्या पायाशी होतो. त्यांचा हात माझ्या काठावरून सुटत नव्हता. दार उघडून सिस्टर म्हणाली, "वाचले," तेव्हा कुठं तो हात सुटला.

नंतर सुलतानाबाईंनी विचारलं, सुजेवर घरचं काहीच चालत नाही का? डॉक्टरांनी समजावलं, "पायाची सूज पाण्याची असते, शरीराच्या आत दाह होतो, ती सूज वेगळी. हळद, जवसाचं तेल यांचा आतल्या सुजेवर काही उपयोग होतो का, यावर अभ्यास चालू आहेत. पण कुणाला काय चालेल, किती चालेल, ते रक्त तपासून ठरवायचं. विचारा. मी रागावणार नाही."

हे कळल्यावर मंगरू आले, ते दारातच मान खाली घालून उभे राहिले. "जलालभाऊ, मीच तुमचा जीव घेतला असता." जलालभाऊंनी त्यांना हात धरून पलंगावर बसवलं. "तू दोस्तीनं दिलं, लेका. पुढच्या वेळी आधी मले दाखव, मंग दे."

आता काहीही कुटायचं असलं, की सुलतानाबाई आधी दवाखान्यात फोन करतात. ते गोणपाट त्यांनी दाराशी पाय पुसायला टाकलं आहे. मी मात्र अजून घाबरतो, कारण सुजलेल्या पायांकडं बघून माणसाचा धीर सुटतो, हे मी पाहिलंय.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी कोणी आजारी असेल आणि कुणी मायेनं औषध आणून दिलं, तर ते लपवून देऊ नका. माझ्याखाली पोतं घालू नका. मला मोठ्यानं वाजू द्या. आतल्या खोलीत कोणीतरी कान देऊन ऐकत असतं.