लुपेच्या खोलीतला रक्तदाब

केपुएलीचा रक्तदाब घरी मोजला तर एकशे पंचवीस. बोटीवर मोजला तरी तेवढाच. डॉक्टरांपुढे बसला की एकशे ऐंशी! दोन महिने हेच चाललं होतं. आज तिसऱ्यांदा तसंच झालं, तर टोंगाच्या बेटांमधली प्रवासी बोट चालवायचा त्याचा परवाना जाणार होता. तीस वर्षं सुकाणू धरलेल्या माणसाला किनाऱ्यावर बसवायचं म्हणजे जिवंतपणी पुरायचंच की!

डॉक्टर फोनुआ महिन्यातून एकदा मोठ्या बेटावरून यायचे. पोरगेलासा माणूस, स्वभावाने गमत्या.

"कप्तान, माझ्या पांढऱ्या कोटाला भिता होय? हा घ्या, काढला!"

कोट खुंटीवर गेला. दंडावर पट्टा आवळला. एकशे ब्याऐंशी.

"वादळाला भीत नाही हा माणूस, आणि मला घाबरतो!" डॉक्टर हसले खरे, पण फॉर्म पुढ्यात ओढताना त्यांचा चेहरा उतरला होता. "जेवून येतो. मग शेवटचं एकदा मोजू. त्यापुढे माझ्या हातात काही नाही."

ते गेले. नर्स सेइनी दाराशी उभी होती. ती केपुएलीची सख्खी भाची.

"मामा, खरं सांग. इथे आलं की काय होतं तुला?"

केपुएली बाही खाली ओढू लागला. पण टोंगातल्या मामाला भाचीपुढे गप्प बसायची सोय नाही. बहिणीच्या लेकीचा मानच एवढा, की तिने मामाचं डुक्कर सोडून नेलं तरी मामाने हूं की चूं करायचं नसतं.

"पट्टा आवळला की तुझी आई हाक मारते," तो म्हणाला.

सेइनीच्या अंगावर काटा आला. ही खोली तिच्या आईची, लुपेची. यंदा जुना दवाखाना वादळात उडाला, तेव्हा सेइनीनेच हे रिकामं घर गावाला दिलं होतं. तीन वर्षांपूर्वी लुपे याच खोलीत तापाने गेली. "केपू, आत ये ना," असं दिवसभर म्हणत होती. भावाने बहिणीच्या निजायच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही ही रीत. पाद्रीबाबा म्हणाले, आजारपणात चालतं रे. शेजारीपाजारी म्हणाले. पण केपुएली पडला रीतीचा पक्का. तो बाहेर खिडकीखाली बसून राहिला, आणि हाका थांबल्या तेव्हाही तिथेच बसलेला होता. आता परवान्यासाठी मात्र त्याच खोलीत दंड उघडा टाकून बसायची पाळी त्याच्यावर आली होती.

"रागावते का रे ती?"

"रागावली असती तर सोसलं असतं गं. तशीच बोलावते. लाडाने."

सेइनीने डोळे पुसले. मग तिचा आवाज एकदम तिच्या आईसारखा करडा झाला. "आईच्या मागे तिचा मान माझा, आणि बोलावणंही माझं. आधी बाहेर हो. कमरेला मानाची चटई गुंडाळ, आणि मी बोलावलं की आत ये."

केपुएली निमूटपणे गेला. चर्चला जाताना गुंडाळायची ती चांगली चटई त्याने बोटीवरून आणली, कमरेला बांधली आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"मामा, आत ये."

तो मान खाली घालून आला. खिडकीशी जिथे लुपेची उशी असायची, तिथे फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. "आलो गं बाई. फार उशीर केला."

डॉक्टर परतले तेव्हा तो तोंड धुऊन खुर्चीत बसला होता. पट्टा आवळला. केपुएलीने डोळे मिटून कान दिला. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी नारळ सोलत होतं. हाक नव्हती.

"एकशे चोवीस!" डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. "कप्तान, तासाभरात असं काय खाल्लंत? मलाही द्या की!"

सही झाली, शिक्का बसला, कागद पुढे आला. केपुएलीने त्याला हातही लावला नाही. दंड तसाच पुढे धरून बसला.

"पुन्हा आवळा," तो म्हणाला.

"अहो, कशाला? उत्तम आलाय."

"आवळा हो, डॉक्टर. एकदाच. जरा घट्ट."