शिवनाथ कोणत्या हाताला

"काकू, फोन नुसतं 'चित्र' म्हणून राहिला," गंधाली म्हणाली.

गंधाली इथल्याच बूढापारा मोहल्ल्यातली. तिला दिसत नाही. पडद्यावरचं फोन वाचून दाखवतो, त्यावर ती आमच्या विद्यापीठाचा ऑनलाइन भूगोल शिकते. पण नकाशा आला की फोन अडतो, आणि असे चाळीस नकाशे! अभ्यासक्रम बघणारे भार्गव सर म्हणाले होते, आज चारपर्यंत नकाशे शब्दांत सांगायची काही रीत सापडली तर ठीक, नाहीतर भूगोलाऐवजी दुसरा पेपर देऊ.

"मले दुसरा पेपर नको," ती म्हणाली.

मी विद्यापीठाच्या ऑफिसात टायपिंग करते; ती माझ्या टेबलाशी बसली होती. नकाशाखाली मी लिहिलं, 'महानदी व तिच्या उपनद्या'. फोननं ते वाचलं.

"हे तर मथळ्यातच आहे न, काकू!"

माझं तोंड उतरलं. आणि एकदम सुचलं. मानसपूजा केल्याशिवाय मी सकाळी चहा घेत नाही. डोळे मिटायचे आणि पायांपासून मुकुटापर्यंत देव मनात उभा करायचा. न बघता बघायचं, हे तर मी वीस वर्षं करतेय!

नेमानं वळलेल्या लांब वाती पिशवीत होत्याच. मी त्या तिच्या हाती दिल्या. "मी सांगते, तू टेबलावर मांड. खाली सिहावा, नदीचा उगम, हे पाय. तिथून महानदी वर चढते. राजिमला डाव्या हाताकडून पैरी येते. आणखी वर, उजव्या हाताकडून शिवनाथ. मग नदी वळून समुद्राकडे."

तिची बोटं भराभर चालली. सर आले, पडद्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं.

"दीदी, शिवनाथ ओडिशातून आणली? ही नदी तर दुर्गची पोट्टी, तिकडे पूर्वेला कशी गेली?"

गंधालीचे हात थांबले. शिवनाथ भलत्याच बाजूला! मग लक्षात आलं.

"अगं, तुझा उजवा नाही, देवाचा उजवा! मूर्ती समोर असते. तिचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. माझीच चूक. शिवनाथ पश्चिमेकडून येते."

गंधाली खुदकन हसली. शिवनाथची वात उचलून तिनं पश्चिमेला ठेवली. मी काही बोलायच्या आत तिची बोटं राजिमवर उतरली आणि पैरी उचलून पूर्वेला गेली.

"मग पैरीही उलटी बसली होती न, काकू?"

सर वाकून बघत राहिले. "हव," ते हळूच म्हणाले, "ये तो इसने खुद पकड़ा." पेपर बदलायचा अर्ज त्यांनी सोबत आणला होता, तो आमच्यासमोर फाडला. "दीदी, आता हात-बात नको. पूर्व-पश्चिम लिहा. सोमवारपासून बाकीचे नकाशे घ्या."

"सोमवार काहून, सर?" गंधालीची बोटं अजून महानदीवरच होती. "आत्ता कुठे पावणेचार झाले. दुसरा नकाशा काढा न!"

संध्याकाळच्या दिव्यापुरती एक वात मी पिशवीत ठेवली. बाकी सगळ्या टेबलावर ओतल्या.