भाजीचं पाणी

बेचाळीस वर्षांच्या संसारात सासूबाईंनी तीनच गोष्टी फेकल्या होत्या: फुटका आरसा, मेलेला उंदीर आणि जावेचं पत्र. वाटाण्याची टरफलंसुद्धा उकळून त्या त्यांचा रस काढत. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी सुनेला दिलेला सल्ला त्यांनी ऐकला खरा, पण नामंजूर केला.

सल्ला साधा होता. सासऱ्यांची मूत्रपिंडं थकली होती. भाज्यांतलं पोटॅशियम अंगाबाहेर पडत नव्हतं. "बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी ओतून द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तातला आकडा सहाच्या वर गेला, तर हृदय न सांगता बंद पडतं."

सासरे निवृत्त मोजणीदार. परसातले वाफेही त्यांनी दोरी लावून आखलेले. "माझ्या बागेतली भाजी मला विष?" एवढंच ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पालक, टोमॅटो, बटाट्यांची टोपली नेहमीसारखी ओट्यावर आणून ठेवली.

सून चिरायची, उकळायची, ओतायची. सासूबाई बघत उभ्या.

"भाजी करतेस की कपडे उकळतेस?"

"त्यांना तेच चालतं, आई."

"सगळं सत्त्व मोरीत! त्यापेक्षा मोरीलाच जेवायला वाढ."

"अहो, त्या पाण्यातच तर बाधतं ते."

"मी बेचाळीस वर्षं भरवतेय त्यांना. तुझी डॉक्टरीण काल आली."

आठवड्याने मात्र त्या एकदम विरघळल्या. "तू फोडणीचं बघ. पातेलं मी निथळते. वाफेनं हात भाजतील तुझे." सासूबाई स्वतःहून काम मागतात, हे सुनेला तिथेच खटकायला हवं होतं. पण आठ वर्षांत या घरात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या हातांची काळजी केली होती. अशा वेळी माणूस हिशेब तपासत नाही.

पुढच्या तपासणीत आकडा पाच पूर्णांक आठ.

"पाणी टाकता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"थेंब न् थेंब."

घरी नवरा म्हणाला, "नीट उकळत नसशील. ऑफिसची घाई तुला."

म्हणून ती तासभर आधी उठून दोनदा उकळू लागली. सासूबाईंनी कधी नव्हे ते कौतुक केलं. सासरे ताटातला चोथा मुकाट्याने चिवडत आणि तरी खुशीत दिसत. आकडा सहा पूर्णांक तीन झाला. दवाखान्यात खाट मिळणार होती सोमवारी. शनिवारी सकाळी ते टोमॅटोच्या वाफ्यात आडवे सापडले, हातात दोरी तशीच.

माणसं येऊन गेली. नवऱ्याने दाराआड गाठून विचारलं, "खरं सांग. किती वेळा उकळत होतीस?"

"दोनदा."

"दोनदा!" चोराची जबानी ऐकावी तसा तो म्हणाला, आणि बाहेर गेला.

रविवारी ओटा आवरताना पिठाच्या डब्यामागे तिला झाकण घातलेला स्टीलचा पेला सापडला. आत हिरवट पाणी. पालकाचा वास.

"राहू दे तो," मागून सासूबाई म्हणाल्या. "त्यांचा आहे. कालचा प्यायचा राहिला." डोळे सुजले होते, आवाजात मात्र अभिमान. "तू दोनदा उकळायला लागलीस, तेव्हापासून दोन पेले निघायचे. मीठ नाही हो घातलं कधी, पथ्य पाळलं. म्हणायचे, यात बागेची चव लागते. तुझ्या त्या चोथ्यावर इतके तरी दिवस निघाले असते का? मी काढले."

सुनेच्या तोंडाशी एकच वाक्य आलं. तेवढं बोललं की ती सुटणार होती, आणि समोरची म्हातारी उरलेला जन्म अडकणार होती. तिने पेला मोरीत उपडा केला.

आवाजाने नवरा दारात आला. "आता काय झालं?"

"काही नाही. एखाद्या दिवशी घाई झाली असेल माझी. उकळायला."

"वाटलंच होतं मला."

तो गेला. सासूबाईंनी तिच्या हातून पेला काढून घेतला, तळाशी राहिलेले थेंब पिऊन टाकले, आणि म्हणाल्या, "ओतलंस ना शेवटी?"